झोयानं भरलेली डबी

कल्पना करा, पोरांनो, तुमचे आजोबा पहाटे मोरीपाशी उकिडवे बसलेत. हातात झाकणाची छोटी डबी आहे. छाती दुखेपर्यंत खोकले, तरी डबीत काही पडत नाही. तुम्ही शेजारी उभे आहात. काय कराल?

झोयानं काय केलं ते ऐका.

तिचे दादा, म्हणजे आजोबा, रहिमान पिंजारी, लोणंदला घराच्या पुढच्या खोलीत गाद्या भरत. कापूस छातीत जातो म्हणून खोकला, असं सगळे म्हणत. पण दोन वर्षांपूर्वी बरं वाटताच त्यांनी क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. म्हणून आरोग्यसेविका दीपमाला डबी देऊन गेली होती.

"चाचा, नुसती थुंकी नको. छातीतला बेडका पायजे. मशीन दोन तासांत सांगतं, जंतू हायत का, अन् जुनं औषध त्यांना मारंल का न्हाई," असं ती सांगून गेली होती.

"आज जमत न्हाई गं," दादा झोयाला म्हणाले आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

डबी रिकामी गेली तर दीपमालाताई रागावतील. झोया पाठमोरी झाली, तीन-चारदा डबीत थुंकली आणि तिनं झाकण घट्ट लावलं.

"दादा, झालं बघा."

"एवढं आलं व्हय?"

"आलं की."

तिसऱ्या दिवशी दीपमाला अहवाल घेऊन आली. जंतू आढळले नाहीत. ताहेरादादीनं शिरा केला. महिनाभर ओट्यावर वेगळ्या ताटात जेवणारे दादा घरात आले.

"वाळीतच टाकलं हुतं मला."

"कापसाचा धंदा सोडा म्हणून चाळीस वर्षं सांगतीया," दादी म्हणाली.

"धंदा सोडला तर तू मला सोडशील."

सगळे हसले. बाळंतपणाला आलेल्या अरिबाआत्यानं चार महिन्यांचा आसिफ पहिल्यांदाच दादांच्या मांडीवर ठेवला. दीपमाला चहा पीत दादांच्या मनगटाकडं पाहत होती.

"रिपोर्ट चांगला हाय, पण वजन का उतरतंय, कळंना."

"आमची झोया डॉक्टरीण हुणार," दादा म्हणाले. "तिनंच उभं राहून डबी भरून घेतली."

झोया शिरा ताटलीत नुसता इकडून तिकडं सारत होती. दादांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी मान वळवली, पण बाळाला घट्टच धरलं.

झोया उठली. तिनं आसिफला उचललं.

"अगं, राहू दे की त्यांच्यापाशी," आत्या म्हणाली.

बाळ आत्याकडं देऊन ती दीपमालापुढं उभी राहिली.

"ताई, डबीत दादांचं काहीच नव्हतं. मी थुंकले होते."

दादीच्या हातातला चमचा तसाच राहिला. सगळे झोयाकडं पाहू लागले. एकटे दादा तेवढे पाहत नव्हते. रिकाम्या मांडीवरची लुंगी ते हातानं सारखी करत होते.

"पोरीला बोलू नका," ते हळू म्हणाले. "म्या बघितलं हुतं. आसिफला एकदा मांडीवर घ्यायचं हुतं."

दीपमालानं कप खाली ठेवला. "उद्या पहाटे मी सोता डबी घेऊन येते, चाचा. तवर घरात वारं खेळू द्या."

दादा रुमाल तोंडाला लावून ओट्याकडं निघाले. कापूस उडू नये म्हणून पुढच्या खोलीच्या खिडक्या कित्येक वर्षं बंद होत्या. झोया स्टुलावर चढली आणि त्या एकेक करून उघडू लागली.