गोधडीचा कोपरा

नायगावच्या बीडीडी चाळीच्या गच्चीवर सुंदराबाई विमानाची शेपटी दाबून बसली होती. विमान केवढं? पाळण्यातल्या पोराएवढं. आवाज मात्र असा, की रिटायर झालेले कोंडीराम हवालदार तिसऱ्या मजल्यावरून बनियनवरच वर आले.

"सुंदराबाई, बंद करा हे! दुपारची झोप आहे लोकांची."

"जन्मभर ड्युटीवर झोपलात, अजून पुरी नाही झाली? घड्याळ आहे ना हातात? मग बसा, वेळ बघा. दहा मिनिटं चाललं पाहिजे."

हवालदार बसले. त्या बाईपुढे आजवर उभं कोण राहिलंय?

दहा मिनिटांवरच सगळं अडलं होतं. नात संघमित्रा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सहा महिने खपून तिने या मुठीएवढ्या टू-स्ट्रोक इंजिनाचा कार्बोरेटर काढला आणि त्या जागी पंप, इंजेक्टर नि काडेपेटीएवढा कम्प्युटर बसवला. पेट्रोल कधी, किती सोडायचं ते आता कम्प्युटर ठरवणार. उद्या परीक्षक इंजिन दहा मिनिटं चालतं का ते बघणार होते, आणि आजी अख्ख्या चाळीत मिरवून बसली होती.

इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप झालं.

"सहा मिनिटं," हवालदार म्हणाले.

"परत तेच!" संघमित्राने लॅपटॉप मिटला. "आकडे सगळे बरोबर, तरी मरतंय. आजी, मी जुना कार्बोरेटर लावते. पास तरी होईन."

"लाव की! सहा महिने काय गवत उपटलंस? सरक तिकडं."

मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळणाऱ्या यंत्रांवर, सुंदराबाईची उमर गेलेली. यंत्राची थरथर तिच्या तळहाताला कळायची. तिने विमानाचं झाकण उघडून टाकीत बघितलं. टाकी अर्धी रिकामी, वर पांढरा फेस, नळीत बुडबुडे.

"बघ, ताक घुसळलंय नुसतं. भरलेली होती तोवर गुमान होती, अर्धी झाली नि इंजिनाच्या थरथरीनं डुचमळली. तुझा कम्प्युटर इंजिनाला पेट्रोल म्हणून वारा पाजतोय. टाकीखाली मऊ काय घातलंस?"

संघमित्राने जीभ चावली. "आधी फोम होता गं. पंपाला जागा होईना, म्हणून काढला."

"म्हणजे लेकराला फरशीवर निजवलंस आणि वर विचारतेस, रडतं का!"

सुंदराबाई गुडघे धरत खाली गेली आणि गोधडी घेऊन आली. दोन महिने शिवत होती. घरात कुणी हात न धुता गोधडीला हात लावला तर त्याचा उद्धार व्हायचा. तिने स्वतःच कात्री लावली आणि कोपरा कापला.

"आजी! अगं, आणि पेट्रोल सांडलं यावर तर?"

"मग सांडू नकोस."

फोमपेक्षा पातळ कोपरा टाकीखाली नि भोवती बरोब्बर बसला. इंजिन पुन्हा सुरू झालं. सहावं मिनिट गेलं. सातवं. सुंदराबाईचे तळहात शेपटीवर, डोळे मिटलेले. हवालदार तर उभेच राहिले होते.

"दहा झाली!" ते ओरडले. "बंद करा आता!"

"का? चालू दे की जरा. लोकांना कळू दे."

टाकी कोरडी झाली तेव्हाच इंजिन थांबलं. संघमित्रा आजीच्या गळ्यात पडली, पेट्रोलच्या हातांनी. सुंदराबाईने तिला तसंच राहू दिलं आणि मग गोधडी तिच्या मांडीवर टाकली.

"घे. तुझ्यासाठीच शिवत होते. कोपरा तेवढा तू शिवून घाल. आणि टाके बारीक, हां."