सातव्या पानावरचं वाक्य

"सातव्या पानावर हे कोणी घातलं?" साहेबांनी विचारलं.

टायपिस्टबाई टेबलाजवळ आल्या. "मी घातलं, साहेब."

कारखान्याचा सामाजिक जबाबदारीचा अहवाल दरवर्षी त्याच टाइप करत. झाडं लावली, दवाखान्याला पलंग दिले, शेजाऱ्यांची काही तक्रार नाही. हे शेवटचं वाक्य अकरा वर्षं मागच्या अहवालातून जसंच्या तसं उचललं जाई. त्यासाठी भिंतीपलीकडच्या गल्लीत पाऊल टाकायची गरज कोणालाच वाटली नव्हती.

यंदा बाई त्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे कपडे आणायला गेल्या होत्या. काका सहज बोलून गेले, आणि बाईंनी ते तसंच अहवालात उतरवलं: 'बॉयलरची काजळी कापडावर बसते. पांढरं कापड शिवायला घेणं मी बंद केलं.' एरवी बाई झुरळालाही भिणाऱ्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, घरात कमावत्या त्या एकट्याच. पण त्या दिवशी जुनं वाक्य टाइप करायला बोटं वळेचनात.

"आपला माल घेणाऱ्या कंपनीची माणसं आली होती," साहेब म्हणाले. "अहवाल भराभर चाळला आणि इथे येऊन थांबले. म्हणाले, अकरा वर्षं एकाही शेजाऱ्याची तक्रार नाही, हे आम्हाला कधी पटलंच नव्हतं. आधी काजळीचा बंदोबस्त करा, मग पुढच्या ऑर्डरचं बोलू."

"म्हणजे... मला काढणार नाही ना?"

"काढतोय कसला! यंत्र बसवायला सांगितलंय. आणि पुढच्या वर्षी घरोघरी जाऊन विचारायचं, तेही तुम्हीच. फक्त मला आधी दाखवत जा हो. त्यांच्यासमोर घाम फुटला मला."

बाईंचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन त्यांनी जिन्यातच बसकण मारली आणि वेड्यासारख्या एकट्याच हसत राहिल्या.

ऑफिस सुटल्यावर त्या ते पान घेऊन काकांकडे गेल्या. काकांनी स्वतःचं बोलणं तीनदा वाचलं.

"सहा वर्षं गेटवर सांगत होतो," ते म्हणाले. "लिहून कोणी घेतलं नाही."

बाईंना राहवेना. "काका, इतकी वर्षं 'तक्रार नाही' असं टाइप करणारी मीच."

"ठाऊक आहे. त्या ऑफिसात टाइप करणाऱ्या तुम्ही एकट्याच." काकांनी कागदाची नीट घडी घातली. "म्हणून काय तुमचे कपडे तिरके शिवायचे होते?"