कोटाखालची खुर्ची

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. खोलीतला पंखा बंद झाला. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही, मी मात्र दचकले. मी खुर्ची बोलतेय, कोपऱ्यातली. दचकण्यापलीकडे मला फारसं काही जमत नाही.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. एका साच्यातून शंभर बहिणी निघालो. बाकीच्या सभागृहांत भाषणं ऐकून झिजल्या, मी आले या उपचार केंद्रात. इथे मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्यांना ताई ची हा संथ चिनी व्यायाम शिकवतात. या आजारात मेंदूचा निरोप पायांकडे निघतो आणि वाटेतच अडकतो. व्यायामाने तोल सावरायला मदत होईल, असं डॉक्टरीणबाईंचं मत. अटी दोनच: खोली गार ठेवा, आणि दमायच्या आधी बसा. म्हणजे त्यांच्या चिठ्ठीतलं अर्धं औषध मीच. केवढा तोरा होता मला!

मग ताई ची शिकवायला सर आले. शिकून आलेला कोर्स पंधरा दिवसांचा, बोलणं पंधराशे वर्षांचं. "खुर्ची म्हणजे मनाने मानलेली हार," असं म्हणत त्यांनी मला कोपऱ्यात सारलं आणि माझ्या पाठीवर आपला कोट टांगला. हार मानायची मुभा फक्त कोटाला.

सहा जणांच्या वर्गात टेलरबाई सगळ्यांत पुढे. कापड बेतायला तासन्‌तास उभं राहावं लागतं, आणि डावा पाय दगा द्यायला लागलेला. गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून ती टेबलाला पोट टेकून उभी राहायची. पाय सावरला तरच दुकान राहणार होतं. म्हणून सरांचा शब्द तिने झेलला. मदत मागणं तर तिच्या रक्तातच नव्हतं.

तिला सोडायला धाकटी नणंद यायची, बेबी.

"वहिनी, मध्ये मध्ये बसत जा गं."

"बसायला घरी जागा आहे."

एकदा पाण्याची बाटली द्यायला बेबी चपलांसकट आत आली, तर सर म्हणाले, "ताई, ऊर्जा तुडवताय तुम्ही." तेव्हापासून ती बाहेरच्या बाकावर.

तर त्या दिवशी सरांनी पंखा बंद केला. वाऱ्याने म्हणे ऊर्जा विस्कटते. खिडक्या आधीच लावलेल्या. अंग तापलं की हा आजार उचल खातो, हे मला, प्लास्टिकला, ठाऊक. सरांच्या कोर्सात तो धडा बहुधा सोळाव्या दिवशी असावा.

दहाव्या मिनिटाला टेलरबाईची टाच सरकली. मग गुडघा.

"खुर्ची..." ती पुटपुटली.

"मौन," सर डोळे मिटूनच म्हणाले.

ती झुकायला लागली. हात पसरलेले, कंबर वाकतेय, सगळं इतकं संथ की मागच्या रिटायर्ड हेडमास्तरांना वाटलं, नवी हालचाल आली. तेही झुकले. त्यांचं बघून उरलेले चौघं. बघता बघता अख्खा वर्ग शिस्तीत कोसळायला लागला.

सरांनी एक डोळा उघडला. "वा, काय प्रवाह आहे. खाली... अजून खाली."

समोर सरांच्या चौथऱ्याची दगडी कड होती. टेलरबाईचं कपाळ तिकडेच चाललं होतं. मला चार पाय, पण एक पाऊल टाकवेना. तिचं दुखणं मला तेव्हा कळलं: निरोप आहे, पाय आहेत, मधली वाट बंद.

बाबांनो, बसून हात हलवले तरी तो व्यायामच असतो. मला कोपऱ्यात ठेवा हवं तर, पण हाताला लागेन अशा कोपऱ्यात ठेवा.

"बेबी," तिने हाक मारली.

"मौन."

"बेबी, ये गं. मी पडतेय."

आयुष्यात पहिल्यांदाच तिने कोणाला असं बोलावलं असेल. दार धाडकन उघडलं. चपला फटफटत आल्या, जेवढी होती तेवढी ऊर्जा तुडवत. कोट जमिनीवर पडला आणि मी फरफटत निघाले.

"आले गं वहिनी. बस."