एका नावात भागेल

"आजबी चौदाशे कमी हायत, साहेब," शेषेराव म्हणाले आणि गल्ला माझ्याकडे सरकवला. "तुमी मोजून बघा. तीन महिन्यांत ही सहावी बारी हाय."

मी मोजले. चौदाशे कमीच होते. टेबलापलीकडे पुनम उभी होती. शेषेरावांचं मुलींसाठी वसतिगृह होतं, त्याची मेस तीच सांभाळायची. भाजीवाल्याला, दूधवाल्याला रोख द्यायची, तो खर्च कॉम्प्युटरवर लिहायची, आणि वर दीडशे मुलींना वाढायला उभी राहायची. शनिवारची सकाळची शाळा सुटलेली, म्हणून तिची सात वर्षांची इंदूही शेजारी होती.

"मालक, जेवढं दिलं तेवढं म्या लिव्हलं," पुनम म्हणाली. "मागं दोनदा पगारातून भरलं ते कटकट नगं म्हून. चोरी केली म्हून न्हाई."

"मंग पैसे गेले कुठं?"

प्रश्न तिला होता. उत्तर मला माहीत होतं, गुरुवारपासून.

मी रेणुकादास. लातुरात चार छोट्या धंद्यांचे हिशोब लिहितो. भूकंपाच्या साली पहिल्या दुकानात चिकटलो तेव्हा चोपड्या होत्या. पुढे कॉम्प्युटर आला, तो शिकलो, आणि आता शिकायचं काही उरलं नाही अशी स्वतःची समजूत करून घेतली. क्लासची मुलं गावात लोंढ्यानं यायला लागली तसे शेषेरावांनी तीन मजले चढवले, आणि मग त्यांना हिशोब कुठूनही उघडता यायला हवा झाला. विकणारा माणूस दोन तऱ्हा घेऊन आला. एक म्हणजे आपलं जुनंच सॉफ्टवेअर, फक्त ते लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवायचं आणि इथून उघडायचं. दुसरं नवं, थेट इंटरनेटवर चालणारं, त्यात प्रत्येकाला आपापलं नाव आणि पासवर्ड.

"दोन्ही क्लाउडच म्हणून राहिला हा. फरक काय, साहेब?" शेषेरावांनी मला विचारलं होतं.

फरक मला कळला नव्हता. पण चारचौघांत 'कळलं नाही' म्हणायला जीभ रेटेना. "नावं वेगळी, माल एकच," मी म्हणालो. "जुनंच घ्या. आणि पुनमला-मला दोन नावं कशाला? एका नावात भागेल, पैसे वाचतील." खरं कारण एवढंच की जुन्याच्या खिडक्या माझ्या ओळखीच्या होत्या.

नंतर पुनम दोन-तीनदा म्हणालीही, "काका, लिहून राहिले की मधीच बंद पडतंय बघा." मी सांगितलं, तुमच्याकडचं नेट खराब आहे. माझ्या घरीही ते मध्येच बंद पडायचं, पण माझं नेट चांगलं आहे याची मला खात्री होती.

शेवटी वैतागून त्या गुरुवारी मी कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, एकाच नावानं दोघंजण उघडता का? मग दुसरा आत आला की पहिला बाहेर पडतो. त्याचं अर्धवट काम दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसतं."

मी फोन ठेवला. रोज दुपारी जेवून मी घरून हिशोब उघडायचो. समोर कधीकधी कुणाची तरी अर्धी नोंद असायची. दूध, भीमा, आकडा. मला वाटायचं, काहीतरी जुनं अडकून पडलंय. मी एस्केप दाबायचो आणि पाटी कोरी करून कामाला लागायचो. टापटिपीचा माणूस ना मी. तिकडे पुनम दूधवाल्या भीमाला पैसे देऊन, नोंद भरता भरता, ताटं घेऊन उभ्या असलेल्या मुलींकडे धावलेली असायची. परत येऊन पाहावं तर स्क्रीन बंद. तिला वाटायचं, बंद पडलं तरी लिहिलेलं आत गेलंय.

शुक्रवारी सांगू म्हटलं, नाही सांगितलं. एका ठिकाणी अब्रू गेली की चारही ठिकाणची कामं जातील, अशी भीती. आणि शनिवारी आम्ही त्या टेबलाभोवती होतो.

"गरिबीचा काही इलाज न्हाई, पर खरं बोलायचं ना माणसानं," शेषेराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

पुनमनं इंदूला पुढे ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "या लेकीची आन हाय, मालक. एक रुपयाबी घेतला न्हाई."

आमच्याकडे लेकराच्या डोक्यावर हात ठेवल्यावर पुढे कुणी बोलत नाही. शेषेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

"उद्यापासून येऊ नगंस," ते हळू म्हणाले.

सोमवारी मी गुपचूप स्वतःच्या खिशातून दुसरं नाव विकत घेतलं. पुनमच्या जागी आलेल्या नव्या बाईला वेगळं नाव, मला वेगळं. त्या दिवसापासून गल्ला पैशाला पैसा जुळू लागला. आठवडाभर जुळला तसे शेषेराव मला चहा देत म्हणाले, "बघा साहेब. ती गेली आन हिशोब जुळला. अजून काय पुरावा पायजे?"

तो चहा मी प्यायलो. लाज वाटली ती त्या चहाची. आतापर्यंत मी तिला वाचवलं नव्हतं एवढंच. आता माझ्या हातानं तिला चोर ठरवलं होतं.

तरी आणखी सात दिवस गेले. मग पुनमच्या घरी गेलो. तिच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, सतरंजी झटकून अंथरली. "साहेब सोता आले," त्या आत जाऊन म्हणाल्या. मला वाटतं, पुनमला परत बोलावलंय अशी त्यांची समजूत झाली.

मी सगळं सांगितलं. एस्केपचंही सांगितलं.

"हे कळलं कवा तुमाला, काका?"

'काल' म्हणता आलं असतं. "त्या शनिवारच्या आधी," मी म्हणालो. "गुरुवारी."

"म्हंजी म्या आन घेतली तवा ठावं होतं."

"हो."

"मालकाला सांगितलं?"

"नाही अजून. सांगणार आहे."

पंचफुलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच मागे वळल्या. पुनमनं फोन घेतला, शेषेरावांचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन सतरंजीवर माझ्यापुढे ठेवला. तिकडे घंटी वाजत होती. मग तिनं अंगणात खेळणाऱ्या इंदूला हाक मारली आणि जवळ बसवलं.

"लहान आहे ती," मी कसंबसं म्हणालो. "तिला कशाला?"

"ऐकू द्या तिला," पुनम म्हणाली. "डोकं तिचं हुतं."

शेषेरावांनी फोन उचलला.