लाइलच्या दोन कसोट्या

लाइल ट्रेगोवन ऑस्ट्रेलियाकडून दोनच कसोट्या खेळला. त्याआधी अकरा वर्षं आमच्या मून्टा गावच्या संघात तो वेगवान गोलंदाजी करायचा आणि मी यष्ट्यांपासून बराच मागे उभा राहून यष्टिरक्षण. माझी दोन वाकडी बोटं ही त्याचीच देणगी.

पहिल्या कसोटीत, ब्रिस्बेनला, त्यानं इंग्लंडचे तीन गडी टिपले. गव्हाच्या गोदामात रेडिओभोवती नुसता धिंगाणा! लाइलचे वडील तेवढे आले नव्हते. खाणीत जन्म गेलेला माणूस. क्रिकेट म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे त्यांचं ठाम मत.

दुसरी कसोटी अॅडलेडला. तिच्या आदल्या शनिवारी लाइलनं मला सरावाला बोलावलं. सात-आठ चेंडू टाकले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"काय रे?"

"काही नाही. जरा उसण भरलीय."

"उसण? लेका, बुटाची नाडी बांधायला वाकता येत नाहीये तुला! कळव निवड समितीला."

"विल्फ, एकोणतीस वर्षांचा झालो मी. आता बाहेर बसलो तर पुन्हा कोण विचारतंय? शपथ आहे तुला, बोलू नकोस."

मी गप्प बसलो.

दोन बस भरून गाव अॅडलेडला गेलं. त्याच्या गोलंदाजीवर दोन झेल सुटले. "हात आहेत की चाळण्या!" त्याची बायको आयव्ही ओरडली. दुपारी धावत येता येता तो मध्येच गुडघ्यांवर बसला. उठला नाही. चौघांनी उचलून नेला.

आयव्ही माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं."

"हो."

वर्षभर तिनं माझ्याशी अबोला धरला.

लाइलचा वेग गेला तो गेलाच. दोन उन्हाळे घरी बसला, मग चार पावलांवरून फिरकी टाकत गावाकडून सोळा वर्षं खेळला.

एकदा धक्क्यावर मासे धरताना मी म्हणालो, "तेव्हा मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर जन्मात तोंड पाहिलं नसतं तुझं." तो पाण्याकडे बघत होता. "त्या दिवशी मी सीमारेषेवर उभा होतो ना, मागे बाबा होते. एकटेच आगगाडीनं आलेले. हॅट काढून टाळ्या वाजवत होते, विल्फ."

लाइलला जाऊन सहा वर्षं झाली. अजूनही मैदानात शिरलो की कुंपणापासून तो धावत येताना दिसतो, आणि माझी पावलं आपोआप मागे सरकतात.