बोटं फक्त टेकवायची

उस्तादांना डॉक्टर लोकांचं वावडं होतं अशातला भाग नाही. त्यांना वावडं होतं ते तपासून घेण्याचं. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं गोदीतल्या क्रेनच्या काचेच्या खोलीत, बाकीच्यांच्या डोक्यावर बसून घालवली, त्याला कुणी आडवं पाडून वरून खाली बघावं, हे पचनी पडणं कठीणच होतं. गोदीत लहानथोर सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्या हाकेला ते असे ओ देत, की जणू आईबापांनी तेच नाव ठेवलं होतं. घरी मात्र त्यांची उस्तादी उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी राहत असे, कारण घरात बायको होती.

ही बायको बरेच दिवस एक गोष्ट बघत होती. जिना चढताना उस्ताद मधल्या वळणावर थांबत आणि तिथल्या खिडकीतून बाहेर बघत. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप सोडून काहीही दिसत नाही. पण उस्ताद ते पाइप असे निरखत बसायचे, की जणू ते विकत घ्यायचे आहेत.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"दाढ दुखते."

"दाढ चढावरच कशी दुखते हो तुमची? जेवताना तर बरी चालते."

उस्ताद चपला काढायला खाली वाकले. दाढेबद्दल त्यांच्याही मनात शंका होती, पण शंका काढायची ही वेळ नव्हती. गोदीत नवी क्रेन आली होती, जुनीपेक्षा कितीतरी उंच. ती चालवायला पहिला मान उस्तादांचा, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि उस्तादांनी सगळ्यांच्या आधी. घोडं अडलं होतं एका गोष्टीवर. एवढ्या उंचीवर बसणाऱ्याचं हृदय धडधाकट आहे, हे हॉस्पिटलने लिहून दिलं पाहिजे. त्यासाठी छातीला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं. पास झालात तर वर, नाही तर कायमचे खाली.

अशा वेळी साडू कामी येतो. उस्तादांचा साडू मालाच्या गोदामात उचलगाडी चालवायचा आणि त्याने ही तपासणी पार केलेली होती. जगात त्याने दुसरं काही पार केलं असेल-नसेल, पण या एका विषयात तो बोलायला लागला की थांबत नसे.

"समोर आडवा दांडा असतो," तो म्हणाला. "तो असा आवळून धरायचा. अंगाचं सगळं वजन हातांवर. पाय आपले नावाला हलवायचे. आणि काहीही होवो, विचारलं की म्हणायचं, मजेत."

"एवढंच?"

"एवढंच. मी तर शीळ घालणार होतो, पण दम नव्हता."

उस्तादांना हा सल्ला फार आवडला. आवळून धरणं हा तर त्यांचा धंदाच. क्रेनच्या मुठी धरून धरून त्यांचे पंजे असे झाले होते, की घरातली कुठलीही घट्ट बसलेली बरणी त्यांच्यापुढे हार मानायची.

तपासणीची खोली हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला होती. बायको बाहेर बाकावर बसली, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवून. आत एक कॉट, काळा पट्टा असलेलं यंत्र, पडदाभर रेघा दाखवणारं मशीन आणि भिंतीवर चालणाऱ्याच्या तोंडावर वारा येईल असा बसवलेला पंखा. मशीनपाशी एक तरुण डॉक्टर बसले होते. तारा लावायचं आणि माणसाला चालवायचं काम एका बाईंचं. त्या तिथल्या टेक्निशियन. चाळिशी ओलांडलेल्या, केस घट्ट बांधलेले, पायात मऊ बूट. उस्तादांनी त्यांना "सिस्टर" म्हटलं.

"सिस्टर नाही हो, टेक्निशियन. ताई म्हणा, चालेल. शर्ट काढून त्या खुंटीला लावा, काका."

काका! उस्तादांना तो शब्द दगडासारखा लागला. तो गिळतात न गिळतात तोच ताईंनी त्यांच्या छातीवरचे केस जागोजागी भादरले, खरखरीत कागदाने कातडी घासली आणि चिकट गोल चकत्या लावून त्यांना एकेक तार जोडली. हात भरभर चालत होते, पण घाई कुठेच नव्हती. प्रत्येक तार जोडली की त्या ती किंचित ओढून बघत. उस्तादांच्या ते लगेच लक्षात आलं, कारण साखळी अडकवली की तेही तशीच ओढून बघायला लावायचे. बाई कामाची आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याबरोबर जरा धास्तीही वाटली.

"नीट ऐका," ताई म्हणाल्या. "पट्टा आधी हळू आणि सपाट. मग थोड्या थोड्या वेळाने वेग वाढेल, चढही वाढेल. पळायचं नाही, चालायचं. छातीत, हातात, पाठीत, जबड्यात, कुठेही काही वाटलं की लगेच सांगायचं. इथे पहिला नंबर काढायचा नसतो."

जबड्यात म्हटल्यावर उस्तादांनी कान टवकारले. जबड्याचं हिला कुणी सांगितलं? त्यांनी दाराकडे बघितलं, पण दार बंद होतं.

पट्टा सुरू झाला. उस्तादांनी दांडा आवळला.

"काका, हात."

"धरलाय की."

"धरलाय म्हणूनच म्हणते. बोटं फक्त टेकवायची, तोल जाऊ नये एवढ्यापुरती. भार टाकलात की अर्धं चालणं दांडा करतो. मग मी तपासणी कुणाची केली? दांड्याची."

मशीनपाशी डॉक्टर हसले. उस्तादांनी बोटं सैल केली. चढ वाढला तशी ती आपोआप पुन्हा वळली. ताईंनी पुन्हा टोकलं, त्यांनी पुन्हा सोडली, आणि पुन्हा धरली. साडूचा सल्ला असा सहजासहजी वाया घालवायला ते तयार नव्हते.

ताई चिडल्या नाहीत. त्या पट्ट्याच्या अगदी बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला डावा हात दांड्यावर पालथा ठेवला.

"आता दांडा सोडा. माझ्या हातावर बोटं टेकवा."

उस्ताद पार अवघडले. परक्या बाईचा हात, तोही डॉक्टरांसमोर, आणि बाहेर बायको!

"लाजू नका, इथे सगळेच टेकवतात. डॉक्टरसाहेबांनी स्वतःची तपासणी करून घेतली, तेव्हा त्यांनीही माझा हात धरला होता."

"धरला नव्हता," डॉक्टर मशीनवरची नजर न हलवता म्हणाले. "टेकवला होता."

नाइलाज झाला. उस्तादांनी चार बोटं त्या हातावर ठेवली. दुसऱ्या दंडाला बांधलेला पट्टा फुगत होता आणि उतरत होता, रक्तदाब आपला आपण मोजला जात होता. ताईंची मान मशीनकडे वळलेली. हाताकडे त्या बघतसुद्धा नव्हत्या. त्यांना बघायची गरजच नव्हती, हे उस्तादांना फार उशिरा कळलं.

"काम काय करता, काका?"

"क्रेन."

"वरून खालचं सगळं दिसतं?"

आता हा प्रश्न उस्तादांना विचारल्यावर ते थोडेच गप्प बसणार! "सगळं नाही दिसत. माल खाली टेकतो ती जागा तर बहुतेक वेळा दिसतच नाही. खाली सिग्नलवाला उभा असतो. तो हाताने सांगतो, वर घे, डावीकडे, सावकाश. त्याचा हात म्हणजे माझे डोळे."

"आणि तो चुकला तर?"

"म्हणून एक नियम आहे." चढ वाढला होता. उस्तादांची वाक्यं आखूड होत चालली. "बाकीच्या खुणा फक्त त्याच्या ऐकायच्या. पण थांबायची खूण... ती कुणीही करो. झाडूवाल्याने हात वर केला... तरी थांबायचं. का म्हणून... विचारायचं नाही. आधी थांबायचं."

"छान नियम आहे."

"माझ्या क्रेनखाली... आजवर कुणाला ओरखडा नाही."

हे वाक्य उस्ताद नेहमी छाती काढून म्हणत. आज ते म्हणताना दाढ दुखायला लागली. आधी एका बाजूची, मग दोन्ही बाजूंच्या, मग सगळा जबडाच कुणीतरी आवळतंय असं वाटायला लागलं. कपाळावर घाम आला. नवी क्रेन डोळ्यांसमोर उभी राहिली, उंच, नवीकोरी, आणि तिच्या काचेच्या खोलीत कुणी दुसराच बसलेला.

"काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"मजेत," उस्ताद म्हणाले.

डॉक्टरांनी रेघांकडे बघितलं. रेघा जरा हलल्या होत्या, पण थांबवावं इतक्या नाही. पट्टा चालत राहिला. तेवढ्यात ताईंनी मान वळवली. त्यांनी उस्तादांच्या तोंडाकडे बघितलं. मोकळा असलेला उजवा हात त्यांनी वर केला. पंजा उघडा, उस्तादांच्या समोर.

"थांबवा!" उस्ताद ओरडले.

आपण ओरडलो हे त्यांना ओरडून झाल्यावर कळलं. इतक्या वर्षांचं अंगवळणी पडलेलं. उघडा पंजा दिसला की मन विचार करत बसत नाही. डॉक्टरांनीही का म्हणून विचारलं नाही. त्यांचं बोट बटणावर होतंच, पट्टा उतरत उतरत थांबला. उस्तादांना दोघांनी धरून कॉटवर बसवलं.

"कुठे दुखतंय?" ताईंनी विचारलं.

साडूने शिकवलेला शब्द ओठांवर आला होता. पण कुणी हात वर करून थांबवल्यावर खोटं कसं बोलायचं, हे उस्तादांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"जबड्यात," ते म्हणाले. "रोज जिना चढताना दुखतं. दाढ म्हणून सांगतो घरी."

ताईंनी फक्त मान डोलावली. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवायला दिली. पडद्यावरच्या रेघा आता, चालणं थांबल्यावर, एकेक करून खाली खचत होत्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हृदयाच्या नळीत अडथळा दिसतोय. वेळेवर थांबलात. आज घरी नाही जायचं." बायकोला आत बोलावलं. ती आली, उस्तादांच्या घामेजलेल्या कपाळाकडे बघितलं आणि पदराने ते पुसलं. दाढेबद्दल ती तेव्हा एक अक्षर बोलली नाही, आणि उस्तादांना त्याचीच जास्त भीती वाटली.

ताई तारा काढत होत्या. त्यांचा डावा हात पुढे आला तेव्हा उस्तादांची नजर तिथे खिळली. हातावर चार बोटांचे लालभडक वळ उठले होते. बोटातली अंगठी कातडीत रुतून तिची गोल खूण उमटली होती. आपण टेकवतोय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आवळलं होतं, बरणीचं झाकण आवळावं तसं.

"ओढून का नाही घेतलात?" त्यांनी विचारलं.

"ओढला असता तर तुम्ही दांडा धरला असता," ताई म्हणाल्या. "दांडा मला काही सांगत नाही."

त्या चकत्यांचे चिकट डाग पुसत होत्या, सगळ्यांचेच पुसतात तसे. उस्ताद त्यांच्याकडे बघत राहिले. आपल्या क्रेनखाली कुणाला ओरखडा नाही म्हणून आपण मिरवतो, आणि ही बाई रोज दुसऱ्याच्या पकडीखाली आपला हात ठेवून उभी राहते, कुणाला न सांगता. उस्तादांना एवढा मोठा माणूस आजवर खाली उभा असलेला दिसला नव्हता. तसं त्यांना सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, माफ करा."

"त्यात काय! यायचंय ना पुन्हा, चालायला?"

नळी उघडली. उस्ताद घरी आले, औषधं सुरू झाली, रोज ठरवून दिलेलं चालणं सुरू झालं. जिन्याच्या वळणावर पाइप बघणं बंद झालं. बायकोने राखून ठेवलेलं तेव्हा बाहेर काढलं. "एक दाढ दुरुस्त करायला केवढं मोठं हॉस्पिटल लागलं," ती येईल त्या पाहुण्याला सांगायची, आणि सांगताना डोळे पुसायची.

गोदीने नवी क्रेन अडवून ठेवली नव्हती, पण उस्तादांच्या जागी बसवलेला माणूस स्वतःच म्हणत होता, की उस्ताद आले की मी उतरतो. म्हणजे पुन्हा तीच तपासणी, तोच पट्टा. या वेळी बायकोबरोबर आणखी एक जण होता. त्यांनी साडूला दंडाला धरून आणलं होतं. साडूला हल्ली उचलगाडीवर चढताना पाठीत लचक भरत होती. चढतानाच भरत होती. उस्तादांनी ते ऐकलं आणि मेव्हणीशी बोलून त्याचाही नंबर लावून टाकला.

पट्टा सुरू झाला. ताईंनी हात पुढे केला. उस्तादांनी चार बोटं टेकवली, इतकी अलगद की ताईंना मान वळवून बघावं लागलं.

"आहात ना?"

"आहे."

"दुखतंय?"

"नाही."

"खरं?"

"खालून तुम्ही बघताय," उस्ताद म्हणाले. "मग वरच्याने खोटं कशाला बोलायचं?"

चढ वाढला. वेग वाढला. मागच्या वेळी जबडा आवळला होता तो टप्पा आला आणि निघून गेला. डॉक्टर रेघांकडे बघून मान हलवत होते. मग ताईंनी हळूच आपला हात खालून काढून घेतला. उस्तादांची बोटं हवेत राहिली. समोर दांडा होता, त्यांनी तो धरला नाही. हात सोडून ते चालत राहिले, घामाने निथळत, दम खात, पण मजेत. या वेळी तो शब्द खरा होता.

"झालं," ताई म्हणाल्या. "बसा आता, उस्ताद."

ही हाक त्यांना कुणी सांगितली, हे विचारायची गरज नव्हती. बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या बाईने मागच्या खेपेला बरंच काही सांगितलं असणार. उस्ताद कॉटवर बसले आणि कितीतरी वेळ त्यांना शर्टाची बटणं सापडेनात.

दाराबाहेर साडूचं धाबं दणाणलं होतं. उस्ताद बाहेर येताच त्याने त्यांना कोपऱ्यात ओढलं.

"पास? दांडा तोच आहे ना? आवळून धरला की..."

"दांडा विसर," उस्ताद म्हणाले. "तिथे एक ताई आहेत. त्या हात पुढे करतील. त्याच्यावर बोटं टेकवायची. आणि दुखलं की सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू त्यांचा हात दाबशील. त्या काढून घेणार नाहीत." उस्तादांनी आपल्या पंजाकडे बघितलं. "त्यांना फार लागतं रे. मी बघितलंय."