विकासच्या खिडकीतला पारा

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नामदेवरावांनीही ठेवला नाही, आणि चारमिनाराला पूर्वी पाचवा मिनार होता, हे त्यांनी माझ्याकडून हुज्जत घालत का होईना ऐकून घेतलं होतं. पण ऐन वैशाखात, काचीगुड्यात, आमच्या घरी बर्फ पडला. रस्त्यावरच्या डांबराला चपला चिकटत होत्या आणि आमच्या कम्प्युटरात बाहेरचं तापमान होतं शून्याखाली सात.

कम्प्युटर विकासचा. आमचा एकुलता एक. अमीरपेठेच्या गल्लीबोळांत जो तो जावा शिकत होता तेव्हा तोही शिकला आणि शिकागोला गेला. तिकडची थंडी त्याला मानवली. इथलं ऊन कधीच सोसलं नाही. मे लागला की त्याचा घोळणा फुटायचा. मग त्याची आई, इंदुमती, त्याच्या डोक्यावर ओला पंचा टाकून त्याला मोरीजवळच्या गार फरशीवर निजवायची.

मागच्या दिवाळीला आला तेव्हा एक खोकं घेऊन आला. त्यात दोन वस्तू. एक साबणाच्या डबीएवढा पांढरा सेन्सर, तो बाहेर टांगायचा. दुसरा रिसीव्हर, तो घरात ठेवायचा. मधे तार नाही. बाहेर किती गरम आहे ते सेन्सर हवेतून बोलतो, रिसीव्हर ऐकतो. रिसीव्हर कम्प्युटरला जोडला की आकडा पडद्यावर येणार आणि मी तो रोज विकासला ई-मेलने धाडणार, असं ठरलं. घरचं ऊन मला तिथे बसून कळेल, म्हणाला. जोडायची केबल मात्र तिकडेच विसरला होता. पुढच्या खेपेला आणतो म्हणाला.

पुढची खेप झाली नाही. पौषात त्याची गाडी बर्फावरून घसरली. आमच्या व्हिशाचं काही होईपर्यंत त्याच्या मित्रांनी तिकडेच सगळं उरकलं होतं.

रिसीव्हर टेबलावर तसाच पडून राहिला. वैशाख लागला तसं मी म्हटलं, पोरगा सांगून गेला ते काम अर्धं ठेवायचं नाही. सुलतान बाजारात पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारा एकजण हल्ली कम्प्युटरचं सामान ठेवतो. त्याला रिसीव्हर दाखवला. "नौ पिन की होना ना चचा? नै जमी तो वापस लाओ," म्हणत त्याने केबल हातात ठेवली.

घरी येऊन बघतो तर कम्प्युटरच्या पाठीला नऊ पिनांची जागा एकच, आणि तिथे माऊस आधीपासून ठाण मांडून. त्याला उपटलं, रिसीव्हर खोचला. आता ऐका. माऊस बाजूला निपचित पडलेला आणि पडद्यावरचा बाण थुईथुई नाचतोय! कम्प्युटरने रिसीव्हरलाच माऊस मानलं होतं. बाहेरचा पारा हलला की बाण टुणकन वर. बाणाच्या उड्यांनी माझ्या तीन फायली उघडल्या, एक पुसली आणि पत्त्यांचा एक डाव जिंकला. शेवटी माऊस नावाचा प्राणी या घरात नाही, अशी कम्प्युटरची समजूत घातली, आणि मग पडद्यावर आकडा उमटला. बाहेर : बावीस.

हे सगळं मी परवा संध्याकाळी नामदेवरावांना सांगत होतो. नामदेवराव आमचे शेजारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इंदुमती तिथेच विळीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. वैशाखात ती गच्चीवरच्या तुळशीवर गळतं भांडं टांगते, त्यात पाणी घालायला भर दुपारी जिने चढते. उतरते तेव्हा पदर ओला असतो. हल्ली फार बोलत नाही.

नामदेवरावांनी बाण नाचल्याचं मान्य केलं. बावीस मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. पेपरात त्रेचाळीस छापून आलेलं. सेन्सर बिघडलाय, म्हणाले. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना सगळं बिघडलेलंच दिसायचं.

मी म्हटलं, हा आकडा हैदराबादचा नाहीच. जाताना विकासने सेन्सर बॅगेत टाकला, मी स्वतः पाहिलं. शिकागोत त्याच्या खिडकीबाहेर तो अजून टांगलेला आहे. पहिल्या दिवशी बावीस आला, मग पंधरा, मग चार, आणि काल शून्याखाली सात.

"तुमच्या शिकागोत मे महिन्यात बर्फ पडतो होय?" नामदेवराव म्हणाले. "आमच्याकडे ट्रंककॉल उशिरा लागायचा, पण ऋतू तोच असायचा."

"तेच तर सांगतोय. लहर निघालीय दिवाळीनंतर आणि पोचतेय आत्ता. एवढा समुद्र ओलांडायचा, दमत दमत येते बिचारी. तिकडचा एकेक दिवस इथे उशिरा उतरतोय. आत्ता कुठे मार्गशीर्ष सरत आलाय."

ते हसायला निघाले होते, ते थांबले. माझा हात कम्प्युटरच्या टेबलावर होता. तो तिथून काढावा असं मला वाटेना.

मी म्हटलं, "म्हणजे बघा, पौष अजून यायचाय. गाडी अजून घसरलेली नाही. मी रोज ई-मेल टाकतो त्याला. बाहेर पडू नकोस, गाडी काढू नकोस, दूध संपलं असेल तर कोरा चहा पी. लहर तिकडून येते तर इकडून जाईलच की. पोचायचा अवकाश."

नामदेवराव चष्मा काढून उगाच पुसत बसले. हौ, असंही होत असेल, म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने माझी गोष्ट बिनविरोध मान्य केली, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

विळीचा आवाज थांबला होता. इंदुमतीने हात पदराला पुसले.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "सेन्सर वर तुळशीपाशी आहे, त्यानेच टांगलेला. आणि आकडा बावीसच्या खाली एकदाही गेलेला नाही. मी रोज दुपारी त्याच्यावर ओला पंचा टाकते. ऊन सोसत नाही हो त्याला."